नंबर लागेल का?

मे महिन्याच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या आवारात उभे राहा, एकच प्रश्न कानावर पडतो. 'सर, पोराचा नंबर लागंल का?' विचारणारा बाप कधी चादरीच्या कारखान्यात असतो, कधी महापालिकेच्या सफाई खात्यात. आई बहुधा विड्या वळणारी. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते, घड्या पडून पडून मऊ झालेली. त्यांना माझे कॉलेज नको असते. आमच्याकडे बी.ए.ला कुणाचाही नंबर लागतो, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज हवे असते, बी. जे. मेडिकल हवे असते, मुंबईचे व्हीजेटीआय हवे असते. मी इतिहास शिकवतो. पण गल्लीत प्राध्यापक झालेला मी एकटाच, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडेच येणार.

या प्रश्नाला आकडेमोडीने उत्तर देता येते असे समजले जाते. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघा, यंदाचे गुण बघा, वजाबाकी करा. पण गेली काही वर्षे हा प्रश्न ऐकताना माझ्या लक्षात आले आहे, की आपल्या माणसाच्या शक्याशक्यतेचा अंदाज करणे हे काम या देशात कधीच निव्वळ गणिताचे नव्हते. अंदाज करणारा माणूस बहुतेक वेळा दारातच उभा असायचा, आणि त्याचा अंदाज हाच दाराचा अडसर असायचा. म्हणून या प्रश्नाचा इतिहास मांडून पाहावा असे वाटले.

सुरुवात धारवाडपासून करू. तेव्हा धारवाड आणि सोलापूर एकाच मुंबई इलाख्यात होते. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळेने नाकारला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ रोजी दिलेला निर्णय पुढे बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढच्या निवेदनात उद्धृत केला आहे. त्याचा मतलब असा: तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एका मुलाला आत घेतले तर बाकीचे विद्यार्थी शाळा सोडतील, आणि एकासाठी सगळी शाळा निरुपयोगी करणे योग्य नाही. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या सरकारने कळवले, की बंगालमधल्या सरकारी शाळेत असा नकार मिळाला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळानेही सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे बजावले. तोवर या मुलाचे शिकायचे वय निघून चालले असणार.

या निर्णयात मुलाच्या बुद्धीविषयी एक शब्द नाही. त्याला वाचता येते का, त्याची तयारी किती, हे कोणी तपासले नाही. तपासले ते इतरांच्या मनाचे: ते उठून जातील का? म्हणजे आपल्या मुलाच्या प्रवेशाचा पहिला सरकारी अंदाज हा दुसऱ्यांच्या रागाचा अंदाज होता. तत्त्व मान्य आणि मूल बाहेर, ही रीत तिथून पुढे बरीच वर्षे चालली.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि तो देणारा शेतकरी अक्षरशत्रू राहतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी हेही सांगितले, की जातीच्या दुराग्रहामुळे महार-मांगांची मुले व्यवहारात शाळांबाहेरच आहेत, आणि त्यांच्यासाठीच्या स्वतंत्र शाळा फक्त मोठ्या गावांत आहेत. हे सांगणाऱ्या माणसाने १८५२ मध्ये पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी स्वतःच शाळा काढली होती, तेव्हा त्याचा अंदाज कागदावरचा नव्हता. कमिशनने तत्त्व पुन्हा मान्य केले आणि ते सावधगिरीने अमलात आणावे अशी शिफारस केली. त्या काळचे, म्हणजे १८८१-८२ चे इलाख्याचे आकडे बाबासाहेबांनी पुढे मांडले आहेत. सरकारी कागदात ज्यांना 'हलक्या जाती' म्हटले त्यांची प्राथमिक शाळांतली मुले होती २,८६२. कॉलेजात शून्य. या शून्यावर कट-ऑफ कसा लावणार?

आता त्या एका आकड्याकडे येतो, जो आपल्याकडे भाषणांत अर्धवट सांगितला जातो किंवा सांगितलाच जात नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. टक्केवारी काढली तर सदतीस-अडतीसच्या दरम्यान. आपले काही कार्यकर्ते हा आकडा झाकून ठेवतात. त्यांना वाटते, त्याने बाबासाहेब लहान होतील. दुसरे काही जण तो फडकावतात आणि मुलांना सांगतात, बघा, मार्कांना काही अर्थ नाही. मला दोन्ही पटत नाही. या आकड्याला अर्थ आहे. तो कशाकशातून गाळून आला ते बघितले पाहिजे. परळच्या चाळीतली एक खोली, वर्गात वेगळे बसणे, संस्कृत घ्यायची इच्छा असून नाकारले गेल्याने घेतलेली फारसी. त्या काळी मॅट्रिकला बसलेल्यांपैकी पुष्कळ जण नापासच होत. अशा परीक्षेत अस्पृश्य मुलगा पास झाला, ही घटना होती. म्हणून तर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले.

केळुसकरांचे या इतिहासातले स्थान मला फार मोठे वाटते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला होता. त्यांनी गुणपत्रिकेवरून अंदाज केला नाही. वाचताना पाहून केला. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा तेच त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी स्वतः प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए.ची परीक्षा झाली. १९१३ च्या जूनमध्ये बडोदा संस्थानशी करार झाला, आणि जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे १९१५ मध्ये एम.ए.; नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. १९२१ मध्ये आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये; शिवाय ग्रेज इनची बॅरिस्टरी. १९०७ साली ७५० पैकी २८२ या आकड्यावरून कुणी 'कोलंबियाला नंबर लागेल का' याचा हिशेब केला असता तर काय उत्तर आले असते? सोळाव्या वर्षाच्या आकड्यावरून बाविसाव्या वर्षाचा अंदाज करता येत नाही, एवढे तरी यातून निघते. मधल्या सहा वर्षांत पुस्तके आणि पोटाची सोय झाली. हिशेबात तीही धरावी लागतात.

इथे कोलंबियाचीच आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेब तिथून गेल्यावर तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या पदवी कॉलेजने प्रवेशासाठी मानसिक चाचणी आणली. न्यूयॉर्कच्या ज्यू स्थलांतरितांची मुले शाळेत भरपूर गुण मिळवून मोठ्या संख्येने येऊ लागली होती. त्यांची संख्या कमी करणे हा त्यामागचा एक हेतू होता. अर्जात बापाचे जन्मस्थान, धर्म, मुलाचे 'व्यक्तिमत्त्व' असे प्रश्न आले, आणि थोड्याच वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हार्वर्डमध्ये लॉवेल या अध्यक्षांनी १९२२ मध्ये ज्यूंसाठी उघड मर्यादाच सुचवली. तिला विरोध झाल्यावर 'चारित्र्य' पाहून निवड करण्याचा मार्ग सापडला. गुणांत मागे असलेल्याला गुण दाखवून अडवायचे, आणि गुणांत पुढे गेलेल्याला व्यक्तिमत्त्व दाखवून. मोजपट्टी कोणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून.

आपल्याकडेही हे घडले. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी मुलाखतीला ५० असत. मुलाखत चालायची दोन-तीन मिनिटे. लेखीत वर असलेली मुले त्या दोन-तीन मिनिटांत खाली जात. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकूण गुणांच्या तिसरा हिस्सा मुलाखतीला ठेवणे मनमानी आहे. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्या पोराला मुलाखतीत 'वडील काय करतात' हा प्रश्न पहिला येतो, हे ज्याने अनुभवले त्याला या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण सोलापूर मागे राहिले. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, तिने आपले वसतिगृह काढले. ते कुठे काढले? सोलापुरात. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी. राहणे, जेवण, कपडे, लेखनसाहित्य यांचा खर्च सभेने उचलला. देखरेख जिवाप्पा ऐदाळे यांच्याकडे होती. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये मदत दिली. या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे हस्तलिखित मासिकही चालवले.

आपल्या शहरात या वसतिगृहाची आठवण फार थोड्यांना आहे, याचे मला वाईट वाटते. परदेशातून इतक्या पदव्या घेऊन आलेला माणूस शिक्षणाचे पहिले काम म्हणून कॉलेज काढत नाही, हायस्कूलच्या मुलांचे जेवण काढतो. का? कारण प्रवेशाची शक्यता कुठे ठरते हे त्याला स्वतःच्या पोटावरून माहीत होते. तालुक्याच्या गावातून सोलापूरला आलेल्या महार, मांग, चांभार मुलाला हायस्कूलने कायद्याने घेतले तरी रात्री झोपायचे कुठे? खोली भाड्याने कोण देणार? खाणावळ ताट कसे वाढणार? हेडमास्तर अशा मुलाविषयी 'हा टिकणार नाही' असा अंदाज करीत, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरे. मूल मठ्ठ असते म्हणून नव्हे. ते उपाशी असते म्हणून. सभेने गुणवत्तेवर व्याख्याने न देता ताट वाढले आणि तो अंदाज खोटा पाडायला सुरुवात केली.

मॅट्रिकच्या पुढे मात्र सोलापुरात वाटच नव्हती. इथे दयानंद कॉलेज निघाले १९४० मध्ये. तोवर पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन, नाहीतर मुंबई. गिरणगावाची ख्याती असलेल्या शहरात १८७७ पासून सूत निघत होते, पण पदवीधर व्हायला गाडीत बसावे लागे. माझे आजोबा जुन्या गिरणीत होते. त्यांच्या पिढीला 'नंबर लागेल का' हा प्रश्नच पडला नाही. त्यांचा नंबर गिरणीच्या हजेरीत लागत होता. पुढे संगमेश्वर कॉलेज १९५३ मध्ये, मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये, आणि जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ थेट २००४ मध्ये आले.

दरम्यान दिल्लीत एक मोठी गोष्ट झाली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेल्या बाबासाहेबांनी त्याच वर्षी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी पैसा मागितला. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच मुळापासून वाढली. मग १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. दुसऱ्याच्या दारात अंदाज घेत उभे राहण्याऐवजी दारच आपले, असा हा विचार होता.

संविधान आल्यावर लगेच जो खटला गाजला, त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मद्रास प्रांतात मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या दर चौदा जागांची वाटणी ठरलेली होती: ब्राह्मणेतर हिंदूंना सहा, मागास हिंदूंना दोन, ब्राह्मणांना दोन, हरिजनांना दोन, ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना मिळून एक, मुसलमानांना एक. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. आता गंमत पाहा. बाईंनी मेडिकलला अर्जच केला नव्हता! त्यांनी चौकशी केली, आपल्याला जागा मिळणार नाही असे कळले, म्हणून त्या कोर्टात गेल्या. हे निकालपत्रातच आहे. नुसत्या अंदाजाच्या बळावर एक माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. आपल्या घरात असाच अंदाज मिळाला की आपण अर्ज फाडून टाकतो. 'नाही लागणार' हे एकच वाक्य. एकाला ते अन्याय म्हणून ऐकू येते आणि दुसऱ्याला नशीब म्हणून. या निकालानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले, आणि तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. १९६२ च्या बालाजी खटल्यात राखीव जागा साधारणपणे निम्म्याच्या आत असाव्यात असे न्यायालयाने म्हटले. आयआयटींत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा १९७३ मध्ये आल्या. मुंबईची आयआयटी तर १९५८ पासून होती. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचा रस्ता खुला झाला आणि नंबराच्या शेजारी पैसा येऊन बसला. खासगी संस्थांत राखीव जागा ठेवण्याची घटनादुरुस्ती यायला २००५ साल उजाडले.

पण १९९६ चा एक निकाल थांबून सांगितला पाहिजे, कारण तो महाराष्ट्रातल्याच मेडिकल प्रवेशाचा आहे आणि आपल्या शंभर पालकांपैकी पाचांनाही माहीत नसतो, असा माझा अनुभव. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राखीव प्रवर्गातला विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत बसत असेल तर त्याला राखीव जागांच्या कोट्यात मोजता येणार नाही. शिवाय, राखीव जागेमुळे त्याला जास्त चांगले कॉलेज मिळत असेल तर ते निवडण्याचा त्याचा हक्क गुणवान असल्यामुळे बुडता कामा नये. म्हणजे अंदाज करताना आपल्या मुलाला दोन याद्या पाहायच्या असतात. सगळ्यांची एक आणि आपली एक. आपले पालक एकच पाहतात. कारण शाळेपासून त्यांना सांगितले गेलेले असते, की खुली म्हणजे त्यांची. खुली कुणाचीच नसते, म्हणून तर ती खुली.

माझ्या दहावीच्या वेळची गोष्ट सांगतो. मला ७४ टक्के होते. आमचे वर्गशिक्षक गुणपत्रिका देताना म्हणाले, 'आयटीआय कर. लवकर हाताला काम मिळेल. आईच्या विड्यांवर किती दिवस?' त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, काळजीच होती. पण माझ्या मागे उभ्या असलेल्या, माझ्यापेक्षा कमी टक्क्यांच्या मुलाला त्यांनी सायन्सला जायला सांगितले. त्याचे वडील कचेरीत होते. दोन्ही गुणपत्रिका त्यांच्या समोर होत्या. अंदाज मात्र गुणपत्रिकेवरून केलेला नव्हता, घरावरून केलेला होता. धारवाडच्या निर्णयासारखाच. मी ऐकले नाही, कारण आईने ऐकले नाही. तिला टक्केवारी कळत नव्हती. 'मास्तर म्हणतो ते कर' एवढेही तिने म्हटले नाही. हजार विड्या वळून झाल्यावर कारखान्यात त्यातल्या किती नापास करून बाजूला टाकतात, हे तिला रोज दिसत होते. छाटणाऱ्याचा हात कसा चालतो हे तिला माहीत होते.

म्हणून सूपभर पालक माझ्यापुढे गुणपत्रिका धरतात तेव्हा मी एका वाक्यात उत्तर देत नाही. आधी गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर पाहतो, पण एका फेरीचा नाही, सगळ्या फेऱ्यांचा. पहिल्या फेरीचा आकडा पाहून घाबरलेली मुले पुढच्या फेरीला बसतच नाहीत, आणि तिथे कट-ऑफ पुष्कळदा खाली आलेला असतो. पसंतीक्रम भरताना आपली मुले 'मिळण्यासारखे' कॉलेज वर टाकतात आणि 'हवे असलेले' खाली. यंत्राला लाज कळत नाही. ते वरचे मिळाले की तिथेच थांबते. हवे ते वर लिहावे. न मिळाले तर यंत्र आपोआप खाली येते, त्यात काही कापले जात नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर असेच ऑनलाइन झाले आहेत, तेव्हा हे आता पंधराव्या वर्षीच शिकावे लागते.

उलट बाजूचीही फसवणूक असते. 'आरक्षण आहे ना, मग लागंलच की,' असे लग्नाकार्यात कोणी तरी मामा ठासून सांगतो. राज्याच्या जागांत अनुसूचित जातींचा वाटा शंभरात तेरा. त्या तेरा जागांसाठी राज्यभरातली आपलीच मुले उभी असतात. त्यांत लातूरला दोन वर्षे क्लास लावलेला अधिकाऱ्याचा मुलगा असतो आणि अक्कलकोटच्या वस्तीवरून आलेली शेतमजुराची मुलगीही असते. नामांकित कॉलेजांतला राखीव कट-ऑफ आता खुल्याच्या बराच जवळ गेलेला मी पाहतो. फुकट काही मिळत नाही हे मुलाला सांगितले पाहिजे, तेही अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे, अकरावीत.

आणि नंबर लागल्यावरही तो लागलेला राहील असे नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला हवा असतो. ज्यांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत त्यांनी काय दाखवायचे? कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, सातबारावरचा इनामाचा शेरा शोधत बाप तहसीलच्या चकरा मारतो. मग फी. २०२१ मध्ये एका दलित मुलाला मुंबई आयआयटीत जागा मिळाली, पण पैसे भरताना कार्ड चालले नाही आणि मुदत गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्याला प्रवेश द्यायला लावला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये गोळा होईपर्यंत मुदतीची शेवटची मिनिटे उरली होती, आणि तेवढ्यात संकेतस्थळ बंद झाले. त्यालाही सप्टेंबरच्या शेवटी न्यायालयानेच जागा दिली. दोघांनीही परीक्षा जिंकली होती. सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढू न शकलेली अशी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात असणार, पण त्यांची यादी कुठे लागत नाही.

शक्यतेत आणखी एक गोष्ट मी धरतो, जी पालकांना आवडत नाही. त्या कॉलेजात आपले मूल राहू शकेल का? हैदराबादला २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. दोघांचेही नंबर लागलेले होते. म्हणून मोठ्या कॉलेजला जाऊ नये असे मी कधीही म्हणणार नाही. पण तिथे आपली वरच्या वर्गातली मुले आहेत का, वसतिगृह कुणाच्या ताब्यात आहे, शिष्यवृत्ती किती महिने उशिरा येते, तोवर खाणावळीचे कोण भरते, हे विचारून ठेवले पाहिजे. १९२५ च्या वसतिगृहाने नेमके हेच प्रश्न सोडवले होते.

गेल्या तीन वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. आपल्या वस्त्यांतल्या ज्या मुलामुलींनी बाहेरच्या नामांकित कॉलेजांना अर्ज केले त्यांचे गुण, प्रवर्ग, कितव्या फेरीत कुठे जागा मिळाली, कोणता कागद अडला, फी भरायला पैसे कुठून आणले आणि पहिले वर्ष पार पडले का, एवढे तीत लिहितो. नावे लिहीत नाही. गेल्या जूनमध्ये एक मावशी मुलीला घेऊन आल्या, तेव्हा त्याच गुणांची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या फेरीत पुण्याला लागल्याचे वहीतून दाखवता आले. मावशींनी ती ओळ बोटाने दोनदा चाचपली आणि म्हणाल्या, 'मग भरा की सर, ह्येच वर लिवा.' मोहोळ, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट इथल्या शिक्षक मित्रांनी आपापल्या गावी अशी वही ठेवली तर दर मेमध्ये आपण त्या एकत्र करून मुलांपुढे ठेवू शकू. माझी वही कॉलेजातच असते. कुणालाही येऊन पाहता येईल.